दुसरा (फिरकीतला उलटा बॉल)

दुसरा म्हणजे क्रिकेटमधल्या ऑफस्पिनरचा (बोटानं बॉल वळवणाऱ्याचा) उलटा वळणारा बॉल. उजव्या बॅट्समनला ऑफस्पिनरचा नेहमीचा बॉल टप्पा पडला की आत येतो, दुसरा बाहेर निघतो, अन् हात मात्र दोन्हीला सारखाच फिरतो, सगळी मेख तिथंच आहे. नाव पाकिस्तानातून आलं. तिथला ऑफस्पिनर सकलेन मुश्ताक बॉलिंगला असला की विकेटमागून मोईन खान "दूसरा" टाक म्हणून ओरडायचा, तोच शब्द पुढं इंग्रजी कॉमेंट्रीत जसाच्या तसा गेला. मराठीत फक्त दू चा दु झाला, बाकी अर्थ समजावून सांगायची गरज पडली नाही.

विदर्भात गावाकडं सोयाबीन निघालं की रिकाम्या वावरात पिच तयार होते, पऱ्हाटीचे (कपाशीच्या वाळल्या काड्यांचे) स्टंप, टेनिसचा बॉल, अन् दर दोन मॅचमागं एक भांडण ठरलेलं की हा पोट्टा दुसरा टाकून राह्यला का सरळ फेकून राह्यला. फेकण्याला कुठं भट्टा म्हणतात कुठं बट्टा. मोठ्या क्रिकेटमधला वादही शेवटी हाच आहे, तिथं फक्त कॅमेरे जास्त.

बॉल किती घातक आहे हे आपल्याकडच्या चाळिशीच्या माणसाला चेन्नई म्हटलं की कळतं. 31 जानेवारी 1999, पाकिस्तानविरुद्धची टेस्ट, जिंकायला 271 पाहिजे होते, पाठ धरलेली असतानाही सचिन 136 वर खेळत होता अन् 17 रन बाकी होते. सकलेननं दुसरा टाकला, सचिननं उचलून मारला, बॉल बाहेर वळल्यामुळं बॅटवर नीट बसला नाही, वर चढला अन् वसीम अक्रमनं कॅच घेतला. 254 वर हा गेला अन् बाकीचे तीन 4 रनात गुंडाळले, 12 रननी मॅच गेली. लोडशेडिंगमुळं ट्रॅक्टरच्या बॅटरीवर टीव्ही लावून पाहणाऱ्यांनी त्या दिवशी सकलेनला ज्या शिव्या दिल्या त्या इथं लिहिता येत नाहीत, पण तो बॉल भट्टा होता असं तेव्हा कोणी म्हटलं नाही. सकलेनचा हात चांगलाच होता.

आता हा टाकायला अवघड काहून ते पाहू. साध्या ऑफब्रेकला पहिलं बोट बॉल फिरवते अन् मनगट त्याच्यासोबत जाते, हे शरीराला सोपं पडते. दुसऱ्याला मनगट इतकं वळवावं लागते की बॉल सुटताना हाताची मागची बाजू बॅट्समनकडं होते. घरी उभं राहून रिकाम्या हातानं करून पाहा, हात कानाजवळून सरळ ठेवून मनगट तसं वळवलं की खांद्यात ओढ बसते अन् कोपर आपोआप वाकते. वाकलेलं कोपर पाप नाही हे आधी समजून घ्या, कारण नव्वद टक्के भांडणं इथंच चुकीच्या पायावर सुरू होतात. नियम असं सांगते की हात खांद्याच्या उंचीला आल्यापासून बॉल सुटेपर्यंत कोपर सरळ व्हायला नाही पाहिजे. म्हणजे वाकलेला हात वाकलेलाच राहिला तर चालते, वाकलेला उघडला की फेकी. अन् दुसऱ्यात जोर काढायच्या नादात तो उघडतोच बहुतेकांचा.

श्रीलंकेचा ऑफस्पिनर मुरलीधरनचं प्रकरण यामुळंच इतकं चिघळलं. त्याचं कोपर जन्मापासूनच पूर्ण सरळ होत नाही, त्यामुळं टीव्हीवर पाहणाऱ्याला तो दर बॉल फेकतो असंच वाटायचं. 26 डिसेंबर 1995 ला मेलबर्नला अंपायर डॅरेल हेअरनं त्याला फेकतो म्हणून सात वेळा नो बॉल दिला, तेव्हा तर दुसऱ्याचा विषयही नव्हता. दुसऱ्यावर बोट ठेवलं 2004 मध्ये मॅच रेफ्री क्रिस ब्रॉडनं. पर्थच्या युनिव्हर्सिटीत मोजमाप झालं, कोपर 14 अंशांच्या आसपास उघडत होतं, सराव करून ते 10 च्या आसपास आणलं, पण त्या वेळी स्पिनरला सूट होती फक्त 5 अंशांची, मध्यमगतीवाल्याला साडेसात अन् फास्टवाल्याला 10. मग अभ्यासात निघालं की ज्यांचा हात आपण आदर्श समजतो त्या बॉलरांचंही कोपर थोडंबहुत उघडतेच, अन् साधारण 15 अंशांच्या खाली माणसाच्या डोळ्याला ते नीट दिसतच नाही. मार्च 2005 पासून सगळ्यांना सरसकट 15 अंश झाले. मुरलीसाठी नियम वाकवला अशी ओरड झाली, आपले जुने स्पिनर बिशनसिंग बेदी तर त्याच्यावर कायम तुटून पडायचे. माझं मत विचाराल तर फास्टवाल्याला 10 अन् स्पिनरला 5 हाच खरा अन्याय होता, पण हे गावातल्या पारावर सांगायला गेलं की कोणी ऐकून घेत नाही.

मोजणीत बॉलरच्या हातावर चमकणारे ठिपके चिकटवतात, चारी बाजूनं कॅमेरे लावतात अन् प्रत्येक प्रकारचा बॉल वेगळा टाकायला लावतात. त्यामुळं बंदी कधी बॉलरवर येते कधी एकाच बॉलवर. दक्षिण आफ्रिकेच्या योहान बोथाला 2009 मध्ये बाकी सगळे बॉल टाकायची परवानगी मिळाली, दुसरा सोडून. हरभजनच्या दुसऱ्याचीही 2004 च्या डिसेंबरात तक्रार झाली होती. आमच्याकडं लेग अंपायर उलट्या बादलीवर बसते अन् शंका आली की बॉलरला एवढंच म्हणते, बाही वर कर बे. फुलबाहीचा शर्ट घालून येणारा ऑफस्पिनर आधीच संशयित. मला स्वतःला एका सर्कलच्या मॅचमध्ये ओळीनं तीन नो बॉल दिले होते, अन् अंपायर समोरच्या टीमच्या कॅप्टनचा साळा होता, पण ते जाऊ द्या.

परिणामाचं बोलायचं तर पाकिस्तानचा ऑफस्पिनर सईद अजमलचं उदाहरण घ्या. 2012 मध्ये यूएईत इंग्लंडविरुद्ध तीन टेस्टमध्ये 24 विकेट, इंग्लंड 3-0 हरलं. त्यात मजा अशी की दुसऱ्याच्या धाकानं बॅट्समन बाहेरची लाइन धरून खेळायचे अन् साधा आत येणारा बॉल पॅडवर घ्यायचे. म्हणजे दुसरा विकेट घेते त्यापेक्षा जास्त विकेट दुसऱ्या बॉलला मिळवून देते (या वाक्यात दोन दुसरे आले, इलाज नाही). याच अजमलवर सप्टेंबर 2014 मध्ये बंदी आली. पुढच्या फेब्रुवारीत नवीन अ‍ॅक्शनला मंजुरी मिळाली, पण हात सरळ झाला अन् धाक गेला, तो जुना अजमल परत दिसलाच नाही. त्याच काळात इतरही काही ऑफस्पिनरांवर कारवाई झाली अन् दुसरा शिकवणंच कमी झालं. कायदेशीर दुसरा अशक्य नाही, पण तसा खांदा अन् मनगट लाखात एखाद्याला मिळते.

त्याची जागा कॅरम बॉलनं घेतली. मधलं बोट अन् अंगठा यांच्यात बॉल धरून कॅरमची सोंगटी मारल्यासारखा सोडायचा, त्यात कोपराचं काहीच काम नसल्यामुळं वादही नाही. श्रीलंकेच्या अजंता मेंडिसनं 2008 च्या आशिया कप फायनलमध्ये 13 रनात आपले 6 काढले ते यानंच. अश्विनकडंही हाच होता, अन् नागपूरजवळ जामठ्याला 2015 मध्ये त्यानं दक्षिण आफ्रिकेचे 12 काढले, पहिल्या डावात ते 79 वर आटोपले, त्यासाठी दुसरा लागला नाही. पिचलाही आयसीसीनं खराब ठरवलं होतं, हेही खरं.

मुरलीनं 2004 मध्ये टीव्हीसमोर कोपराला लोखंडी पट्ट्यांचा ब्रेस बांधून दुसरा टाकून दाखवला होता. ते ऐकून आमच्या इथल्या पोट्ट्यांनी एकाच्या कोपराला मागंपुढं बांबूच्या दोन कमच्या लावल्या अन् वरून दुपट्टा आवळला. पहिला बॉल धुऱ्यापलीकडं तुरीत गेला, दुसरा बॉल टप्पा पडून खरंच बाहेर निघाला. अंपायरनं तोही नो बॉल दिला, म्हणे हाताला काही बांधून टाकायचं नाही.