जुन्या मॉनिटरमध्ये ‘लाल पारा’ नसतो

जुन्या डबा मॉनिटरच्या पिक्चर ट्यूबमध्ये लाखमोलाचा ‘लाल पारा’ सापडतो, ही अफवा परभणी-नांदेडकडे अजूनही कानावर येते. असा किमती पदार्थ अस्तित्वातच नाही, आणि ट्यूबमध्ये साधा पाराही नसतो. तिथे असते निर्वात पोकळी, आणि मागच्या नरसाळ्यासारख्या काचेत शिसं.

हातोडा मारला की ट्यूब आत कोसळते आणि काचेचे तुकडे उलटे उसळून डोळ्यांत जातात. पडद्याच्या आतून खरवडून निघणारी भुकटी म्हणजे उजेड देणाऱ्या फॉस्फरचा थर. ती नाकातोंडात जाता कामा नये. रंगीत ट्यूबला सुमारे २५,००० व्होल्ट लागतात आणि प्लग काढल्यावरही विद्युतभार मागे उरतो. रबरी टोपीखालच्या वायरला हात लावूच नका.

पारा असलाच तर तो जुन्या एलसीडी मॉनिटरच्या काडीएवढ्या बारीक दिव्यांत, तोही काही मिलिग्रॅम. एलईडी मॉनिटरमध्ये तेवढाही नाही.

मॉनिटर न उघडता, पडदा खाली करून घोंगडीवर ठेवा आणि नोंदणीकृत ई-कचरा केंद्राला देऊन पावती घ्या. तांब्याची कॉईल काढून काच विहिरीकाठच्या खड्ड्यात फेकली, तर शिसं मातीत उतरतं.