दाद न देणारे आणि दडी मारणारे

प्रतिरोध म्हणजे काय, हे तासगावच्या द्राक्षबागायतदाराला शिकवायला नको. तेच औषध वर्षानुवर्षं फवारलं की द्राक्षावरचा डावणी रोग दाद देत नाही. (डावणी जिवाणूची नव्हे, पण गणित तेच.) जिवाणूचं जनुक बदलतं किंवा दुसऱ्याकडून मिळतं, आणि औषधातही तो वाढत राहतो. झालं.

खरा घोळ दुसऱ्या प्रकाराचा: जनुक न बदलता, नुसती दडी मारून औषधातून वाचणाऱ्या जिवाणूंचा. मिरजेत लॅबमध्ये बसलं की आठवड्याला एकदा तरी ऐकू येतं, ‘रिपोर्टमध्ये औषध चालतंय म्हणून लिहिलंय, मग दुखणं उलटलं कसं? लॅब चुकली, नाहीतर जंतूंना सवय झाली.’ या ‘सवय’ शब्दानं माझं डोकं फिरतं. जंतूला सवय लागायला तो काय तंबाखू खातो?

जिवाणूकडे भांडवल मोजकंच. वेगानं वाढायचं तर प्रथिनं बनवणारे रायबोसोम भरमसाट उभारावे लागतात, मग डागडुजीला फारसं उरत नाही. उपासमार झाली की तो रायबोसोमवरचा खर्च आवरतो आणि बचावाकडे वळवतो. गंमत अशी, की भरल्या घरातही मोजके जिवाणू असे मंदावलेले असतात.

पेनिसिलिन मारतं ते पेशीची भिंत बांधली जात असताना. गळीत हंगामात साखर कारखान्याच्या गव्हाणीत लोखंड पडलं तर कारखाना मोडतो. बंद हंगामात पडलं तर नुसतं पडून राहतं. मंदावलेल्या जिवाणूचंही तसंच. १९४४ मध्ये जिवाणूशास्त्रज्ञ जोसेफ बिगर यांना पेनिसिलिनमधून असेच थोडे स्टॅफिलोकोकस जिवाणू वाचलेले दिसले.

ओळखायचं कसं? वाचलेले पुन्हा वाढवा आणि तेच औषध द्या. प्रतिरोधकांची पोरं औषधातही वाढतात. दडी मारलेल्यांची पोरं आज्यापणज्यांसारखीच मरतात, पुन्हा मोजकीच उरतात. कारण जनुक बदललेलंच नसतं. म्हणून रिपोर्ट खरा आणि उलटलेलं दुखणंही खरं, असं होऊ शकतं: प्लेटवर आम्ही बघतो ती वाढणाऱ्यांची फौज, झोपलेले त्यात दिसत नाहीत.

दडी मारणाऱ्यांतून पुढे प्रतिरोधक निपजू शकतात, हे मान्य. पण तेवढ्यावरून दोघांना एकच नाव द्यायचं नाही.

साध्या क्षयरोगाचा कोर्स सहा महिन्यांचा असतो: दोन महिने चार औषधं, पुढे चार महिने तीन. बहुतेक जंतू सुरुवातीलाच मरतात. रुग्णाला बरं वाटायला लागल्यावरचे ते कंटाळवाणे महिने असतात ते मुख्यतः दडून बसलेल्यांसाठी.