व्यूहरचनेचे पुस्तक पटावर कसे वाचावे
(ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

बुद्धिबळाच्या व्यूहरचनेचे पुस्तक नुसते वाचले, तर वाचताना सगळे पटते आणि डावात काहीच सुचत नाही. लेखकाची चाल डोळ्यांसमोर असते, म्हणून ती सोपी वाटते. पट मांडायचा तो सोंगट्या हलवण्यासाठी नव्हे, तर चाल आपली आपण शोधण्यासाठी.

पट स्पर्धेच्या मापाचा घ्या: घराची बाजू ५ ते ६ सेंटीमीटर, राजाची उंची साधारण ९.५ सेंटीमीटर. एका घरात चार प्यादी मावली पाहिजेत. कडेला ए ते एच आणि १ ते ८ छापलेले असावे. सोबत एक छोटा चुंबकीय पटही ठेवा. त्याचे काम पुढे येईलच.

आता पुस्तकावर कोरा पुठ्ठा ठेवा आणि तो एकेक ओळ खाली सरकवा. पुढची आकृतीही झाका, कारण तिच्यात उत्तर दिसून जाते. सुरुवातीच्या चाली भरभर खेळा. जिथे लेखक लांब टीप लिहितो किंवा चालीपुढे चांगल्या चालीची खूण म्हणून उद्गारचिन्ह असते, तिथे थांबायचे. (चिन्ह आधी दिसू नये, म्हणून अशा जागा कुणाकडून तरी पेन्सिलने खुणावून घेता आल्या तर उत्तम.) अशा स्थितीला ५ ते १० मिनिटे द्या. वहीत आपली चाल लिहा आणि तिच्यापुढे एका वाक्यात कारण. मगच पुठ्ठा सरकवा. चाल जुळली पण कारण जुळले नाही, तर ते उत्तर चुकले असे धरा. व्यूहरचनेत हा फरक फार महत्त्वाचा आहे.

उपचाली, म्हणजे लेखकाने टिपांत दिलेले पर्यायी चालींचे मार्ग, मोठ्या पटावर खेळू नका. सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो: सहा चाली पुढे गेल्यावर मूळ स्थिती परत नीट लागत नाही. उपचाल आधी मनात खेळून पाहा, मग छोट्या पटावर पडताळा. मारलेल्या सोंगट्या मारल्याच्या क्रमाने पटाशेजारी ओळीत ठेवा, म्हणजे चाली उलट घेता येतात.

पुस्तकातली चाल पटावर अशक्य दिसली, तर चूक बहुधा काही चाली मागे झालेली असते. नेहमीची कारणे तीन: दोन घोड्यांपैकी भलताच हलवला, कॅसलिंग (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणे) करताना हत्ती जागीच राहिला, किंवा आँ पासाँमध्ये (दोन घरे पुढे आलेले प्यादे एकच घर आल्यासारखे शेजारच्या प्याद्याने मारणे) मारलेले प्यादे पटावरून उचलले नाही. अंदाजाने दुरुस्ती न करता मागच्या आकृतीपासून पुन्हा मांडा. १९८० च्या आधीच्या बऱ्याच इंग्रजी पुस्तकांत जुनी नोंदपद्धत असते. तिच्यात दोन्ही खेळाडू घरे आपापल्या बाजूने मोजतात, त्यामुळे ‘पी-के४’ (राजाच्या पट्टीतले प्यादे चौथ्या घरात) पांढऱ्यासाठी ई४ होते आणि काळ्यासाठी ई५.

आमच्या मते सर्वांत फायद्याचा सराव म्हणजे राजे आणि प्यादी ठेवून बाकी सगळे उचलणे. कार्ल्सबाद रचना, म्हणजे प्याद्यांची एक प्रसिद्ध मांडणी, घ्या. पांढऱ्याची प्यादी ए२, बी२, डी४, ई३, एफ२, जी२, एच२ वर. काळ्याची ए७, बी७, सी६, डी५, एफ७, जी७, एच७ वर. वजिराच्या बाजूला पांढऱ्याची प्यादी कमी आहेत, तरी तो बी४ आणि मग बी५ खेळतो. का, ते पटावर करून पाहा. पांढऱ्याने सी६ वर मारले आणि काळ्याने बी७ च्या प्याद्याने परत मारले, की सी६ च्या प्याद्याला दुसऱ्या प्याद्याचा आधार उरत नाही आणि सी पट्टीवर पांढऱ्याचे हत्ती त्याच्यावर रोखता येतात. काळ्यानेच बी५ वर मारले, तर डी५ चे प्यादे एकटे पडते. आता पट फिरवा आणि काळ्याच्या बाजूने बसा: ई पट्टी त्याच्या हत्तींसाठी अर्धी उघडी आहे (तिच्यात त्याचे स्वतःचे प्यादे नाही), ई४ चे घर घोड्याला खुणावते आहे. त्याचा खेळ राजाच्या बाजूला आहे. नंतर सोंगट्या परत मांडल्या, की प्रत्येक सोंगटीचे काम आपोआप दिसू लागते.

संगणकाचे इंजिन वहीत उत्तर लिहून झाल्यावरच उघडा. ते चाल आणि कोणाची बाजू किती वरचढ आहे याचा आकडा सांगते. योजना तुम्हालाच शब्दांत मांडावी लागते.

एका बैठकीत एकच डाव पुरे. दुसऱ्या दिवशी त्यातली एक महत्त्वाची स्थिती पुस्तक न उघडता पटावर मांडा आणि आकृतीशी ताडून पाहा. आठवड्याने पुन्हा, महिन्याने पुन्हा. एखादे प्यादे सारखे चुकीच्या घरात जात असेल, तर त्या प्याद्याचे काम अजून कळलेले नाही. त्याच्यावरची टीप परत वाचा.