कॅमेरा मागे, माईक पुढे

खानापूर तालुक्यात सप्ताहाचं कीर्तन आता मोबाईलवर शूट होतंच. चित्र झकास येतं. आवाज लावला की मात्र घरची मंडळी म्हणतात, "टाळच लई वाजालेत, महाराजांचं काय कळंना."

दोष मोबाईलचा कमी, अंतराचा जास्त. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाजाची तीव्रता चौथाई उरते, म्हणजे ६ डेसिबलची घट. महाराजांपासून १ मीटरवर मिळणारा आवाज १६ मीटरवर २५६ पटींनी क्षीण होतो. पत्र्याच्या सभामंडपात तो इतका पडत नाही, पण त्यात सुख नाही: भर पडते ती पत्र्यावर आणि भिंतींवर आपटून आलेल्या आवाजाची. शब्द त्यातच बुजतात, आणि हा घुमारा नंतर एडिटिंगमध्ये धड निघत नाही.

त्यात फोनचा आगाऊपणा. महाराज हळू आवाजात दृष्टांत सांगू लागले की तो आपणहून गेन, म्हणजे माईकचा आवाज किती मोठा करून घ्यायचा ते, वाढवतो आणि पंख्याची घरघर पुढे येते. गजरात टाळ कडाडले की तोच गेन दाबतो, आणि पुढचे दोन शब्द गिळले जातात.

म्हणून मुठीत मावणारा वेगळा रेकॉर्डर महाराजांजवळ ठेवायचा, कॅमेरा हवा तितका मागे. रेकॉर्डिंगची लेव्हल हाताने लावायची. आधी टाळकऱ्यांना एकदा जोरात वाजवायला सांगावं. तेव्हा रेकॉर्डरचा लेव्हल दाखवणारा मीटर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहिला की झालं; शून्य ही त्याची वरची हद्द. २४ बिटवर, म्हणजे आवाज जास्त बारकाईने नोंदवणाऱ्या सेटिंगवर, थोडी कमी लेव्हल खपते, फाटलेला आवाज मात्र दुरुस्त होत नाही. सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे ते, व्हिडिओला चालतो तो, ४८ किलोहर्ट्झ.

खरी गंमत रेकॉर्डरचा आवाज कॅमेऱ्याच्या चित्राशी जुळवण्यात आहे. कॅमेरा आणि रेकॉर्डर आपापल्या क्वार्ट्झ स्फटिकाच्या तालावर चालतात. दोघांत दहा लाखांत २० भागांचा फरक असला, तरी तासाभरात ७२ मिलिसेकंद होतात. सेकंदाला २५ फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची, म्हणजे जवळजवळ दोन फ्रेम. त्यामुळे जुळवणीची खूण म्हणून कॅमेऱ्यासमोर टाळी सुरुवातीला वाजवावी तशी शेवटीही. मधला फरक एडिटिंगमध्ये दिसणारी आवाजाची पट्टी किंचित ताणून किंवा आखडून भरून निघतो.

सॉफ्टवेअर दोन्ही आवाजांच्या लहरी पाहून आपोआप जुळवणी करतं. जवळच्या शूटिंगला ते पुरतं. पण बेळगावच्या शिवजयंती मिरवणुकीत रेकॉर्डर झांजपथकासोबत आणि कॅमेरा ५० मीटरवरच्या गच्चीत असेल, तर गोची होते. आवाज सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो. कॅमेऱ्यापर्यंत ठोका पोचायला १४५ मिलिसेकंद, साडेतीन फ्रेमहून जास्त. सॉफ्टवेअर हाच उशिराचा ठोका प्रमाण मानतं. तिथे झांजा एकमेकींवर आपटताना दिसतात ती फ्रेम शोधून रेकॉर्डरचा ठोका हातानेच तिथे आणावा. मग पथक चालत गच्चीखाली आलं तरी जुळणी सुटत नाही, कारण रेकॉर्डर आणि झांजांमधलं अंतर तेवढंच राहिलेलं असतं.