पिंजऱ्याआधी तवा बदला

घरात पहिला पोपट येणार म्हटलं की सगळे पिंजरा बघायला निघतात. आम्हीही निघालो होतो. पण त्याआधी पक्ष्यांच्या डॉक्टरांना भेटलो, तेव्हा त्यांनी पिंजऱ्याबद्दल काहीच विचारलं नाही. त्यांचा पहिला प्रश्न होता, "डोसे कशावर करता?"

आमच्याकडे नॉन-स्टिक तवा होता. तो घरातून गेल्यावरच पक्षी घरात आणा, असं त्यांनी सांगितलं. त्याचं कारण पक्ष्याच्या छातीत आहे. ते एकदा समजलं की बाकीची निम्मी तयारी आपोआप सुचत जाते.

आपण श्वास घेतला की फुप्फुसं फुगतात, सोडला की आकसतात. जुनी हवा पूर्ण बाहेर जात नाही, नवी तिच्यातच मिसळते. पक्ष्याची फुप्फुसं मात्र जवळजवळ हलतच नाहीत. त्यांना जोडलेल्या हवेच्या पातळ पिशव्या असतात, बहुतेक पक्ष्यांत नऊ. त्या लोहाराच्या भात्यासारख्या फुगतात, मिटतात आणि हवा फुप्फुसांतून एकाच दिशेनं ढकलत राहतात. आत आलेली हवा बरीचशी आधी मागच्या पिशव्यांत जाते, श्वास सोडताना फुप्फुसांत येते, पुढच्या श्वासाला पुढच्या पिशव्यांत सरकते आणि दुसऱ्या उच्छ्वासाला बाहेर पडते. म्हणजे पक्षी श्वास सोडत असतानाही त्याच्या फुप्फुसांना ताजी हवा मिळत असते. उडण्यासाठी लागणारा भरपूर प्राणवायू असा मिळतो. मला ही रचना निसर्गातल्या सर्वांत सुंदर यंत्रांपैकी एक वाटते.

पण ज्या सफाईनं ती प्राणवायू ओढून घेते, त्याच सफाईनं विषही ओढून घेते. ब्रिटनमधल्या कोळशाच्या खाणींत १९८६ पर्यंत कॅनरी पक्षी ठेवत, ते यामुळेच. कार्बन मोनॉक्साइडनं माणूस कोसळायच्या आधी कॅनरी कोसळत असे.

तव्याचं तसंच. बहुतेक नॉन-स्टिक भांड्यांचा लेप म्हणजे पीटीएफई नावाचं प्लास्टिक. साधारण २८० अंश सेल्सिअसच्या आसपास ते विघटित होऊ लागतं आणि त्यातून विषारी वायू व अतिसूक्ष्म कण सुटतात. रिकामा तवा मोठ्या आचेवर विसरला, तर काही मिनिटांत तो तिथवर तापतो. आपल्याला फारसा वासही येत नाही, पण पक्ष्याच्या फुप्फुसांत पाणी आणि रक्त साचून तो थोड्याच वेळात मरू शकतो. दुसऱ्या खोलीत असला तरी. सँडविच टोस्टर, एअर फ्रायर, काही इस्त्र्यांचे तळ यांवरही अनेकदा हाच लेप असतो, म्हणून तेही तपासा. आमच्याकडे आजीचा बिडाचा तवा माळ्यावर पडून होता, तो खाली आला. पहिले आठ दिवस डोसे चिकटले, मग तवा मुरला.

मग घरातली बाकीची हवा. डासांची कॉइल आणि झुरळांचा फवारा बंद. रूम फ्रेशनर बंद. उदबत्ती, धूप, कापूर यांचा आग्रह असेल तर पिंजरा देवघरापासून लांबच्या, खिडकी उघडी असलेल्या खोलीत हवा. गणपतीत दोन वेळा आरती होते आणि घर धुरानं भरतं, तेव्हा त्या खोलीचं दार लावून घ्या. फोडणीच्या धुरासाठी स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट पंखा लागतोच.

याच छातीमुळे पक्षी धरायचा कसा, हेही ठरतं. त्याला आपल्यासारखं श्वासपटल नसतं. छातीचं हाड पुढे-मागे हललं तरच हवा आत-बाहेर होते. घट्ट मुठीत धरलेला पोपट गुदमरून मरतो, नाक-तोंड मोकळं असलं तरी. घरात लहान मुलं असतील तर ही गोष्ट त्यांना पक्षी यायच्या आधी सांगा.

आता, कोणता पोपट? गळ्याभोवती गुलाबी कंठ असलेला आपला हिरवा राघू, त्याहून मोठा पहाडी पोपट, तांबूस डोक्याचा टुईया, हे सगळे भारतीय रानपक्षी आहेत. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार त्यांना पकडणं, विकणं आणि पाळणंही गुन्हा आहे, आणि त्याला तुरुंगवास व दंडाची तरतूद आहे. "आमच्या आजोळी तर मिठू होता" हे मीही ऐकत आलो आहे. पण बाजारात गुपचूप मिळणारं पिल्लू झाडाच्या ढोलीतून, आईबापांपासून ओढून काढलेलं असतं, आणि त्याच्याबरोबरची कित्येक वाटेतच मरतात. कृपा करून ते घेऊ नका, दया येऊनही नाही. एक विकलं गेलं की दुसरी ढोली रिकामी होते.

पाळता येतात ते परदेशी वंशाचे, पिंजऱ्यातच जन्मलेले पक्षी. ज्यांना आपल्याकडे सर्रास 'लव्ह बर्ड' म्हणतात ते बहुधा बजरीगर असतात, मूळचे ऑस्ट्रेलियातले. कॉकॅटीलही तिथलाच. खरे लव्ह बर्ड आफ्रिकेतले. आफ्रिकन ग्रेसारख्या जातींवर आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत आणि २०२४ च्या नियमांनुसार केंद्राच्या परिवेश पोर्टलवर त्यांची नोंदणी करावी लागते. तसाही आफ्रिकन ग्रे पहिला पक्षी म्हणून नकोच. तो चाळीस-पन्नास वर्षं जगू शकतो आणि एकटेपणानं स्वतःची पिसं उपटून काढतो. बजरीगर साधारण पाच ते दहा वर्षं जगतो, कॉकॅटील पंधरा-वीस. हेही थव्यातले पक्षी आहेत. घर दिवसभर बंद राहणार असेल तर जोडीच आणा.

पिंजरा उंचीपेक्षा रुंदीला मोठा घ्या, कारण पोपट आडवा उडतो. बजरीगरासाठी दोन गजांमधलं अंतर अर्ध्या इंचाहून जास्त नको, नाहीतर डोकं अडकतं. जस्ताचा मुलामा दिलेली स्वस्त जाळी टाळा. पोपट चोचीनं तारा चावत राहतो आणि जस्त पोटात जातं. आत एकाच जाडीच्या गुळगुळीत दांड्या नकोत, तळव्यावर एकाच जागी भार येऊन जखमा होतात. पेरूच्या कमी-जास्त जाडीच्या फांद्या धुऊन, वाळवून लावा.

आणि छताचा पंखा! पक्षी बाहेर सोडायचा तर पंखा बंद, मे महिन्यातही. आम्ही बटणावर चिकटपट्टी लावतो.

खाण्यात मोठी चूक होते ती नुसत्या दाण्यांची. राळे, बाजरी, सूर्यफुलाच्या बिया पक्षी आवडीनं खातो, पण त्यांत 'अ' जीवनसत्त्व आणि कॅल्शियम फार कमी. 'अ' कमी पडलं की नाकातोंडाचं आणि श्वासमार्गाचं अस्तर जाड, कोरडं होतं आणि जंतूंना वाट मिळते. म्हणजे गोष्ट पुन्हा श्वासावरच येते. शेवग्याचा पाला, कोथिंबीर, किसलेलं गाजर, लाल भोपळा रोज थोडा द्या. हिरवी मिरचीही चालते. तिखटपणा ओळखणारा जो संवेदक आपल्या नसांवर असतो, तो पक्ष्यांमध्ये मिरचीतल्या कॅप्सायसिनला जवळजवळ दादच देत नाही. अॅव्होकाडो आणि चॉकलेट मात्र जीवघेणं. कांदा, लसूण, चहा, शेव-फरसाण यांतलं काहीच नको, पाहुणा कितीही प्रेमानं भरवत असला तरी.

माणसाच्या बाजूनंही एक काळजी आहे. क्लॅमिडिया सिटॅसाय नावाचा जिवाणू वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून आपल्या श्वासात येतो. १९२९-३० मध्ये आयात केलेल्या पोपटांमुळे त्याची साथ अनेक देशांत पसरली होती. आज त्यावर औषध आहे. पिंजऱ्याच्या तळाचा कागद थोडं पाणी शिंपडून मगच उचलावा, आणि घरात कुणाला ताप-खोकला झाला तर डॉक्टरांना पक्ष्याबद्दल आवर्जून सांगावं. दम्याचा रुग्ण असेल तर कॉकॅटील आणण्याआधी त्याच्या डॉक्टरांशी बोला, या पक्ष्याच्या अंगावरून बारीक पांढरी पूड झडत असते.

पोपट आजार लपवतो. थव्यात दुबळा दिसणारा आधी शिकाऱ्याच्या नजरेत भरतो. पिसं फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसलेला पक्षी दिसतो, तोवर बहुधा उशीर झालेला असतो. म्हणून पिंजऱ्याइतकाच गरजेचा एकेका ग्रॅमचा फरक दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा. रोज सकाळी, खाण्याआधी वजन करून लिहून ठेवायचं. तीस-चाळीस ग्रॅमच्या बजरीगराचे तीन-चार ग्रॅम कमी झाले तर ते डोळ्याला दिसत नाहीत, काट्याला दिसतात.

आमच्या कॉकॅटीलच्या वहीच्या पहिल्या पानावर ८८ ग्रॅम लिहिलंय. तिसऱ्या दिवशी ८४. त्या रात्री झोप लागली नाही. आम्ही टीव्ही बंद ठेवला, पिंजऱ्याची एक बाजू पातळ चादरीनं झाकली, जवळ गेलोच नाही. सहाव्या दिवशी ८७, आणि शेजारी त्याच दुपारची नोंद आहे: मी समोर उभा असताना त्यानं शेवग्याचं पान खाल्लं.