मानवरहित विमानाद्वारे रेडिओ उद्गमशोधन

मानवरहित विमानावर (ड्रोनवर) अँटेना व रिसीव्हर बसवून रेडिओ प्रक्षेपकाचे स्थान ठरवण्याची पद्धत. वन्यप्राण्यांच्या रेडिओ-कॉलरचा माग, आपत्कालीन संकेतक (संकटात मदतीचा रेडिओ संकेत देणारी यंत्रे), अनधिकृत प्रक्षेपण व रडार यांचा शोध ही तिची नेहमीची क्षेत्रे.

उगम : रेडिओ दिशाशोधन ड्रोनहून बरेच जुने. बेल्लिनी व तोसी यांची काटकोनातील दोन वेटोळ्यांची रचना साधारण 1907 च्या सुमाराची, तर अ‍ॅडकॉक अँटेना (दिशाशोधनाचीच आणखी एक रचना) 1919 चा. मानवरहित विमानाशी या तंत्राची सांगड केव्हा पडली, हे व्याख्या कशी करावी यावर ठरते. 13 फेब्रुवारी 1966 रोजी व्हिएतनाममध्ये अमेरिकेच्या रायन 147ई या विमानाने एसए-2 या सोव्हिएत विमानविरोधी क्षेपणास्त्राचे संकेत टिपून, स्वतः नष्ट होण्यापूर्वी, दुसऱ्या विमानाकडे पाठवले. या उड्डाणाला आरंभ मानण्याचा मोह होतो. पण तेथे प्रश्न ‘संकेत कसा आहे’ हा होता, ‘कोठून येतो’ हा नव्हता. 1982 मध्ये लेबनॉनमधील बेका खोऱ्यात इस्राएलने ड्रोनचे आमिष दाखवून शत्रूला रडार सुरू करायला लावले. उद्गम हेरण्याचा हेतू येथे अधिक स्पष्ट असल्याने हा टप्पा महत्त्वाचा धरणे सयुक्तिक वाटते. नागरी वापर मुख्यतः 2010 नंतरचा.

तंत्र : उंची हा ड्रोनचा पहिला फायदा. सपाट भूमीवर 2 मीटर उंचीवरील अँटेनाचे रेडिओ क्षितिज (जमिनीलगतचा संकेत थेट पोहोचण्याची मर्यादा) सुमारे 6 किमी, तर 100 मीटरवर सुमारे 41 किमी असते. संकेताची तीव्रता, येण्याची दिशा किंवा वेगवेगळ्या ड्रोनवर पोहोचण्यातील कालांतर यांवरून स्थान काढतात. मोकळ्या अवकाशात अंतर निम्मे झाले की संकेत 6 डेसिबलने (म्हणजे शक्तीत सुमारे चौपट) वाढतो; मात्र झाडी व परावर्तने हा हिशेब बिघडवतात. कालांतरपद्धतीत एक मायक्रोसेकंदाची चूक म्हणजे 300 मीटरचा फरक, त्यामुळे अनेक ड्रोनची घड्याळे काटेकोर जुळवावी लागतात. रेडिओ-कॉलरचा ठोका अरुंद वारंवारता-पट्ट्याचा असतो. त्याच्या सुरुवातीचा क्षण इतका बारीक मोजता येत नाही, म्हणून तेथे दिशापद्धतच बरी.

ती अशी चालते : ड्रोन एका जागी तरंगत स्वतःभोवती सावकाश फिरतो आणि प्रत्येक ठोक्याची तीव्रता होकायंत्राच्या कोनासह नोंदवतो. सेकंदाला एक ठोका आणि 40 सेकंदांची गिरकी धरली, तर दर 9 अंशांना एक नोंद मिळते. घाईने फिरवल्यास मधले कोन रिकामे राहतात. तीव्रतेचे शिखर पसरट असते, म्हणून एका नोंदीवर विसंबण्यापेक्षा संपूर्ण आलेख अँटेनाच्या ज्ञात आकृतिबंधाशी (कोणत्या दिशेने तो किती ग्रहण करतो याच्याशी) जुळवतात. 1 किमीवर 5 अंशांची चूक म्हणजे सुमारे 87 मीटर. पुढचे मोजमाप उद्गमाच्या दिशेने सरळ पुढे जाऊन घेतले तर रेषा जवळजवळ समांतर राहतात. आडवे सरकावे, म्हणजे त्या काटकोनाच्या जवळपास छेदतात. मोटरनियंत्रकांचा विद्युत गोंगाट टाळण्यासाठी अँटेना खाली लोंबता ठेवतात. 150 मेगाहर्ट्झला तरंगलांबी 2 मीटर असल्याने तो मुळातच अवजड असतो.

आपत्कालीन संकेतकांत 406 मेगाहर्ट्झचा संदेश सुमारे 50 सेकंदांतून एकदा, जेमतेम अर्धा सेकंद येतो. गिरकीच्या पद्धतीला तो निरुपयोगी. त्याच यंत्रातून सलग निघणारा 121.5 मेगाहर्ट्झचा संकेत शेवटच्या टप्प्यात वापरतात.