व्हिडिओ एडिटिंगसाठी एक्स्टर्नल ड्राइव्हचं कनेक्शन

लॅपटॉपची स्वतःची जागा फुटेजने भरायला वेळ लागत नाही, त्यामुळे बरेच एडिटर सगळा प्रोजेक्ट बाहेरच्या ड्राइव्हवर ठेवून तिथूनच काम करतात, आणि मग तो ड्राइव्ह कुठल्या पोर्टला, कुठल्या केबलने जोडलाय यावर टाइमलाइन गुळगुळीत चालणार की अडखळणार हे बरंचसं ठरतं.

सगळ्यात जास्त घोळ टाइप सी मुळे होतो. टाइप सी हा फक्त पिनचा आकार आहे, त्यावरून स्पीड कळत नाही. त्याच आकारातून जुन्या, हळू यूएसबी २.० चे ४८० एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) पण येतात आणि थंडरबोल्ट ३ या वेगवान कनेक्शनचे ४० जीबीपीएस (सेकंदाला गिगाबिट) पण. मोबाइलच्या चार्जरसोबत आलेली केबल बऱ्याचदा यूएसबी २.० चीच असते, ती लावली की भारीतला एसएसडीसुद्धा (फिरणारी डिस्क नसलेला, चिपवरचा ड्राइव्ह) सेकंदाला ४० एमबीच्या आसपासच रेंगाळतो आणि माणूस उगाच ड्राइव्हला दोष देत बसतो.

आकडे बघताना बिट आणि बाइट वेगळे धरा, आठ बिटचा एक बाइट; जीबीपीएस हे बिटमध्ये असतात, एमबी बाइटमध्ये. ५ जीबीपीएसच्या पोर्टवर प्रत्यक्षात सेकंदाला साधारण ४००-४५० एमबी मिळतात, १० जीबीपीएसवर हजारच्या आसपास. आता ४के प्रोरेस ४२२ एचक्यू (एडिटिंगसाठीचा, मोठ्या फाइलींचा व्हिडिओ फॉरमॅट) फुटेज ३० फ्रेमला सेकंदाला साधारण ११० एमबी मागतं, म्हणजे चार कॅमेऱ्यांचं मल्टिकॅम (सगळ्या कॅमेऱ्यांचं फुटेज एकाच वेळी चालवणं) उघडलं की ४४० झालेच, तिथे ५ वाला पोर्ट धापा टाकतो आणि फिरणारी हार्ड डिस्क तर पार बसते, कारण तीच मुळात १५०-२०० च्या पुढे फारशी जात नाही. म्हणून हार्ड डिस्कला थंडरबोल्ट लावण्यात काही अर्थ नाही, ती बॅकअपला ठेवा. साटा एसएसडी (जुन्या, हळू जोडणीचा एसएसडी) सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास थांबतो, त्याला १० जीबीपीएस भरपूर झाले. थंडरबोल्ट किंवा यूएसबी ४ चा खर्च एनव्हीएमई ड्राइव्ह (साटापेक्षा बराच वेगवान एसएसडी) असेल आणि रॉ फुटेज (कॅमेऱ्यातून आलेलं, प्रक्रिया न केलेलं) किंवा बरेच ४के ट्रॅक एकदम चालवायचे असतील तरच करा, माझं तरी हेच मत आहे.

२० जीबीपीएस लिहिलेला ड्राइव्ह घेताना मात्र जपून, त्याला यूएसबी ३.२ जेन २ बाय २ चा पोर्ट लागतो, तो बऱ्याच लॅपटॉपना नसतो आणि मग तो गपचूप १० वर चालतो. हबमधून (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारं उपकरण) जोडलं तर स्पीड बाकीच्या उपकरणांत वाटला जातो, एडिटिंगचा ड्राइव्ह थेट लॅपटॉपलाच लावावा. मॅकवर सिस्टम इन्फर्मेशन उघडून यूएसबीखाली ड्राइव्ह नक्की किती स्पीडला जोडला गेलाय ते दिसतं, नवी केबल आणली की आधी तिथे बघायचं.